मदत हवी आहे : कॉलेजसाठी स्वस्तातला लॅपटॉप, जरा लवकर सांगा

घाईगडबड
भाचीचं कॉलेज सुरू होतंय, लॅपटॉप घ्यायचाय, बजेट कमी आहे. दोन मॉडेल काढलीयेत, एकात प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी स्टोरेज आणि दुसऱ्यात इंटेल आय३ १२१५यू, ८ जीबी, २५६. मला पहिला बरा वाटतोय, नंबरही मोठा आणि स्टोरेजही जास्त. सेल उद्या रात्री संपतोय त्यामुळे प्लीज थिअरी नको, हा की तो एवढंच सांगा.

तिरका
ब्रँच कुठली? सॉफ्टवेअर काय लागणार? रोज पाठीवर न्यायचा की होस्टेलच्या टेबलावरच राहणार?

घाईगडबड
अहो कॉलेजचं काम हो, सगळी मुलं करतात तेच.

तिरका
सगळी मुलं एकच काम करत असती तर दुकानात एकच लॅपटॉप असता. असो. ७५२०यू च्या नंबरावर जाऊ नका, त्यातला तिसरा आकडा बघायचा. २ म्हणजे झेन २, हे एएमडीच्या चिपचं डिझाइन २०१९ सालचं आहे, नाव तेवढं नवीन दिलंय. शिवाय त्याच्यासोबतची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ घेतली की कायमची ८. ७५३०यू मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तो झेन ३. या दोनातच निवडायचं तर आय३, पण रॅमचा स्लॉट आहे का ते आधी विचारा.

जुनं_सोनं
नवीन घेताय कशाला मी म्हणतो. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून परत विकलेला, थिंकपॅड टी४८० घ्या, दोन रॅम स्लॉट, दोन बॅटऱ्या, कीबोर्ड असा की नवीन लॅपटॉपवर परत टाइप करावंसं वाटणार नाही. घरात दोन आहेत, एकावर चहा सांडून झालाय, चालू आहे.

रात्रपाळी
जुनं घ्यायला हरकत नाही पण नीट बघून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची लागते. टी४८० वर आठवीही येते आणि सातवीही, विकणारा नुसतं 'आय५' लिहून मोकळा होतो. आणि बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ क्षमता आणि आत्ता फुल चार्जला भरणारी क्षमता दोन्ही त्यात दिसतात.

जुनं_सोनं
सातवी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स टाका, प्रश्न मिटला.

रात्रपाळी
पोरीला कॉलेजला जायचंय, सर्व्हर चालवायचा नाहीये.

पाटीपेन्सिल
माझा जुना लॅपटॉप चार्जिंगला लावला की खूप तापतो आणि पंखा विमानासारखा वाजतो, कोणी सांगेल का काय करायचं?

अर्धंसफरचंद
मॅकबुक एअर. जुनी एम१ चिपवाली मिळाली तरी घ्या. बॅटरी दिवसभर, पंखाच नाही त्यामुळे आवाजही नाही, कितीतरी वर्षं बघायला नको. बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

घाईगडबड
सेल उद्या संपतोय हो!! भाचीला विचारलं, ती म्हणते पहिल्या वर्षी ऑटोकॅड आणि स्केचअप, पुढे रेव्हिट, सगळी ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेलची सॉफ्टवेअर. आर्किटेक्चर आहे. हे मी वर लिहिलं नव्हतं का?

तिरका
नाही. आता दोन्ही मॉडेल बाद. १६ जीबी रॅम धरून चाला, एसएसडी ५१२, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम, कारण इनबिल्ट ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच आपला वाटा काढून घेतं. रेव्हिट बरंचसं प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर चालतं, त्यामुळे नावाच्या शेवटी यू असलेल्यापेक्षा जास्त ताकदीची एच सिरीज बघा.

अर्धंसफरचंद
ऑटोकॅड मॅकवर चालतं.

रात्रपाळी
रेव्हिट नाही चालत. आणि पॅरलल्सवर (मॅकमध्ये विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) टाका म्हणणार असाल तर एम१ सारख्या एआरएम चिपवर रेव्हिटला कंपनीचा सपोर्ट नाही. स्नॅपड्रॅगन चिपही एआरएमच, म्हणून तसले विंडोज लॅपटॉपही नकोत, कितीही स्वस्त दिसले तरी.

अर्धंसफरचंद
कॉलेजात लॅब असते ना, रेव्हिट तिथे करेल.

टीस्क्वेअर
सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबला कुलूप असतं. मी हेच शिकलेय म्हणून सांगते, पहिल्या वर्षी बहुतेक काम हाताने, ड्रॉइंग बोर्डावर. ऑटोकॅडला साधा लॅपटॉप पुरतो, खरा घाम रेंडरिंगला फुटतो. सीनियर्सना विचारा तिथे काय वापरतात. स्क्रीनचं पॅनल आयपीएस प्रकारचंच घ्या, टीएन पॅनल जरा तिरकं पाहिलं की रंग बदलतात, शीट प्रिंट होऊन आली की रडू येतं. आणि ऑटोकॅड, रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी रिन्यू करायची, त्यामुळे दुकानदार 'टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा.

तिरका
@पाटीपेन्सिल पंख्यातली धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला. गादीवर ठेवून वापरत असाल तर ते आधी बंद करा.

घाईगडबड
बजेट थोडं ताणलं. एक गेमिंगवाला दिसतोय, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम पण एक स्लॉट रिकामा. घेऊन टाकू?

तिरका
रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ टाका, ड्युअल चॅनलही होईल, म्हणजे दोन्ही रॅम एकदम वापरून वेग वाढेल. पण त्याच नावाचं कार्ड वेगवेगळ्या वॅटवर, म्हणजे कमीजास्त ताकदीवर येतं, तो आकडा स्पेसिफिकेशनमध्ये बघा.

टीस्क्वेअर
वजन बघितलंत का? चार्जरसकट बघा, गेमिंगवाल्यांचा चार्जर म्हणजे वीटच असते. सोबत शीट्सची नळी, मॉडेलचा खोका, सगळं ती एकटी उचलणार.

घाईगडबड
वजन लिहिलेलंच नाहीये.

जुनं_सोनं
थिंकपॅडचं लिहिलेलं असतं.

पाटीपेन्सिल
थर्मल पेस्ट घरी लावता येते का?