आईला नागीण झालीय, ठणका कमी होत नाही. मदत हवी आहे

आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे. उजव्या बरगडीखाली नागीण उठली. पुरळ दिसताच डॉक्टरांनी असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिलं, वरून लावायला कॅलामाइन. फोडांवर खपली धरायला लागलीय, पण आग तशीच. पदर नुसता घासला तरी कळवळते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या काकू गेरू लावा, मंत्रून आणा म्हणताहेत. ओल्या फोडांवर मी काही फासू देणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन या गोळ्या कुणाच्या घरी दिल्यात का? या वयात गुंगी कितपत येते? अंगात काय घालायला दिलंत? आणि वहिनी गरोदर आहे. नागिणीच्या फोडांतून कांजिण्यांची लागण होऊ शकते, आणि लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का तिला आठवत नाही. खपल्या पूर्ण धरेपर्यंत तिला माहेरीच ठेवावं ना?