आधी खराटा, मग कीर्तन

'एकट्याने जिना झाडून सोसायटी थोडीच सुधारते' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि गाडगेबाबा आठवले. गावात पोचले की बाबा आधी खराटा हातात घ्यायचे, रस्ते-गटारं साफ करायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन. काम केल्याशिवाय कुणाची भाकरी खायची नाही, हा त्यांचा नेम मला तर कीर्तनाहूनही मोठा वाटतो. कुणी सोबत येईल म्हणून ते थांबले नाहीत. १९५६ साली बाबा गेले. पुढे राज्याचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू झालं.

आमच्या मजल्यावरच्या काकू फुटलेली काच कधीच तशी कचऱ्यात टाकत नाहीत. जाड वर्तमानपत्रात गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात, वर लाल पेनाने ठळक 'काच' लिहितात. (दाढीच्या ब्लेडचंही तेच.) मी एकदा विचारलं, एवढं कशाला? म्हणाल्या, "अगं, उद्या सकाळी त्यात हात ताईंचा जाणार ना."

कचरा न्यायला येणाऱ्या त्या ताई आमच्याकडे सहा वर्षं येतात. मी त्यांचं नाव विचारलं ते त्या दिवसानंतर. आता आमच्या मजल्यावर चारही घरांतून काच बांधूनच जाते.