मदत हवी आहे : एकाच सायकलवर सायक्लोक्रॉस आणि ग्रॅव्हल, टायर आणि चाकं कुठली घेऊ?

मंडळी, जरा लांबड लागणार आहे, आधीच माफी मागतो.

माझी सायकल सायक्लोक्रॉसची (चिखल-गवतातल्या रेसची) आहे, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, डिस्क ब्रेक, दोन्हीकडे १२ मिमीचे थ्रू-अ‍ॅक्सल, रोटर सेंटरलॉकवाले, मागे ११ गिअर. आलेली चाकं अजून तीच आहेत, त्यावर ३३ मिमीचे गाठीगाठीचे चिखलाचे टायर, आत ट्यूब. हिवाळ्यात पाच-सहा रेस मारतो (जिंकायबिंकायला नाही, शेवटून दहात असतो) आणि उरलेलं वर्षभर कच्च्या रस्त्यावर, म्हणजे ग्रॅव्हलवर, साठ-सत्तर किमीच्या राइड. वजन ७४ किलो, राइडनंतर थोडं कमी.

आता रडगाणं. खडीवर या टायरनी हात बधिर होतात, डांबर लागलं की नुसता घूं घूं आवाज आणि सायकल पुढे जायचं नाव घेत नाही. हवा कमी करावी तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि शेजारीशेजारी दोन चिरा. मागच्या महिन्यात एकाच राइडला दोनदा झालं, दुसऱ्यांदा ४० पीएसआय असताना.

मग एका मित्राने त्याची ग्रॅव्हलची चाकं दिली वापरून बघ म्हणून, ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर. गादीवर बसल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत. पण पाऊस पडून गेला होता, बारीक ओली रेती टायरला चिकटत होती, आणि घरी येऊन धुतली तर उजव्या चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारून जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) आतल्या बाजूला नखाएवढा रंग गायब, खालचा पांढरा धातू चकचकीत दिसतोय. मित्राच्या टायरवर स्पष्ट ४० लिहिलंय आणि माझ्या फ्रेममध्ये ४० जातो असं मला ठामपणे सांगितलं गेलं होतं.

तर विचारायचंय ते असं की नवी चाकं घेऊ का नुसते टायर, ६५०बी (लहान व्यासाची चाकं) करून अजून जाड टायर घालता येतील का, हुकलेस (टायरची कड धरणारा हुक नसलेली रिम) घ्यावं की नाही, आणि दर वेळी टायर बदलत बसायचं का दोन सेट ठेवायचे. कार्बनचं सुचवू नका, घरात राहायचंय मला.

आरेवाला :
आधी टायरवरचा आकडा डोक्यातून काढ. तो आकडा कंपनीने एका ठरावीक रिमवर मोजलेला असतो. रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमीने फुगतो. मित्राची रिम आतून किती आहे ते विचार, आणि त्यावर चढवलेला टायर व्हर्नियरने मोज. बहुतेक ४० चा ४० नसणार. शिवाय नवा टायर हवा भरल्यावर पहिले काही दिवस ताणून अजून थोडा रुंद होतो.

दुसरं काम, तुझा आत्ताचा ३३ चा टायर असताना चेनस्टे आणि टायरच्या मध्ये अ‍ॅलन की घालून बघ. कुठली की मोकळी जाते, कुठली अडते ते सांग. दोन्ही बाजूंनी बघ, चाक आऊट असेल तर एका बाजूला जास्त दिसेल. कोरड्यात ४ मिमी तरी हवेत, चिखलात ६. उभं राहून पेडल मारताना चाक आणि फ्रेम दोन्ही वाकतात, त्यात ओली रेती म्हणजे सॅंडपेपरच. तुझा रंग त्यानेच गेलाय.

आणि जुन्या रिमवर काय लिहिलंय तेही बघ. स्टिकरवर नसेल तर रिमच्या आत असेल.

मूळ धागाकर्ता :
मोजलं! ३३ चा टायर बरोब्बर ३३ भरतोय, दोन्ही बाजूंना ६ ची अ‍ॅलन की अंग चोरून जाते, ८ ची नाही. मित्राची रिम आतून २५ आणि तो टायर ४२ च्या किंचित वर. पुढे चिमट्यात (फोर्कमध्ये) मात्र भरपूर जागा आहे. माझ्या रिमवर ६२२×१७ टीसी असं आहे, म्हणजे काय?

आरेवाला :
६२२ म्हणजे टायर जिथे बसतो तो व्यास, आपण ज्याला ७००सी म्हणतो तो. १७ ही आतली रुंदी. टीसी म्हणजे ट्यूबलेस आणि हुकवाली. अरे म्हणजे तुझी रिम ट्यूबलेसला चालते आणि तू ट्यूब फोडत बसलायस.

आता हिशोब. ३३ अधिक दोन्हीकडचे ६-६, मागे एकूण ४५ मिमी जागा. ४२ घातलास, उरले दीड-दीड. घासणार नाही तर काय होणार.

धूळधाण :
वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. यूसीआयच्या (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाने सायक्लोक्रॉसमध्ये टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, आणि ते मोजतात चढवलेला टायर, त्यावर छापलेला आकडा नाही. म्हणजे तू ग्रॅव्हलसाठी २३ ची रिम घेतलीस आणि रेसला त्याच्यावरच ३३ चा टायर चढवलास तर तो ३५ च्या आसपास जाणार. छोट्या रेसमध्ये कोणी मोजत नाही, पण आयोजकांना विचारून ठेव.

म्हणून माझं मत, जुनी १७ वाली चाकं विकू नकोस, तीच रेसची चाकं. त्यावर ३३ चा ट्यूबलेस टायर, चॅलेंजच्या ग्रिफोसारखा मधल्या गाठीचा घेतलास तर बरंच काही निभतं, नुसता चिखलच असेल तर लिमस. सध्याचे बारा महिने चिखलाचे टायर चालवणं म्हणजे उन्हाळ्यात गमबूट घालून फिरणं. नवीन सेट ग्रॅव्हलचा, आतून २१ ते २३, २८ आऱ्यांची साधी अ‍ॅल्युमिनियम. आरा तुटला तर कुठेही मिळेल असा, इतकंच बघ.

चढउतार :
६५०बी चा नाद सोड. तिचा व्यास ५८४. त्यावर ४७ चा टायर घातला तर बाहेरचा एकूण व्यास ५८४ + ९४ = ६७८ होतो, म्हणजे रोडवरच्या ७००×२८ एवढाच. तुझा ३३ वाला ६८८ आहे, म्हणजे सायकल ५ मिमी खाली बसेल आणि वळणात पेडल दगडाला लागेल. तेही चाललं असतं, पण तुझ्या चेनस्टेमध्ये ४७ बसणार कुठे? चाक लहान झालं की टायर थोडा मागे, अ‍ॅक्सलकडे सरकतो, पण तेवढ्याने ४७ ची सोय होणार नाही.

हुकलेसबद्दल, ग्रॅव्हलच्या हवेला काही प्रॉब्लेम नाही, मर्यादा ५ बार आहे, म्हणजे ७२ पीएसआय, तू त्याच्या निम्म्यावर चालवणार. पण टायर हुकलेसला चालतो असं कंपनीने लिहिलेलं असायला हवं. उद्या त्याच चाकांवर रोडचे टायर चढवायची हुक्की आली तर पंचाईत. हुकवाली घे, झोप शांत लागते.

मूळ धागाकर्ता :
पटलं. पण मग मागे टायर केवढा? ४० गेलाच की हातातून, त्या गादीची सवय लागली हो.

धूळधाण :
पुढे आणि मागे सारखाच हवा असं कुठे लिहिलंय? चिमट्यात जागा आहे ना, पुढे ४० घाल, मागे ३५. हात बधिर होतात ते पुढच्यामुळे. २३ च्या रिमवर ३५ चा टायर ३६-३७ भरेल, ४५ मधून गेला तर दोन्हीकडे चारेक उरतात. कोरड्याला पुरे, पावसाळ्यात मात्र सांभाळून. मी मागे कॉन्टिनेंटलचा टेरा स्पीड ३५ आणि पुढे टेरा ट्रेल ४० वापरतो, मागचा पळतो, पुढचा वळणात धरतो. हवा तुझ्या वजनाला मागे ३५ पीएसआयपासून सुरू कर, पुढे ३० ला, आणि मग दर राइडला एक-एक कमी करत जा. रिम दगडाला लागल्याचा टण् आवाज आला की दोन वाढव, तीच तुझी हवा. रेसला ३३ वर २७-२८ पासून बघ. वळणात फुस्स करून बाजूने हवा निसटली तर कमी पडतेय.

आरेवाला :
दोन्ही सेटवर स्वतःची कॅसेट (मागची गिअरची चक्रं) आणि रोटर लावून ठेव, नाहीतर चाकं बदलायला दोन मिनिटांच्या जागी अर्धा तास जाईल आणि कंटाळून तू बदलणारच नाहीस. दुसऱ्या हबवर रोटर केसभर इकडेतिकडे बसतो, घासला तर रोटरखाली पातळ शिम (चकती) टाक. आणि चेन जुनी असेल तर नव्या कॅसेटवर उड्या मारेल, ती आधी मोज.

सीलंट (टायरच्या आत घालायचं, भोकं बुजवणारं द्रव) एका टायरला साधारण ६० मिली, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं, वाळून रबराची पापडी झालेली असते.

मूळ धागाकर्ता :
अपडेट. नवी चाकं अजून घेतली नाहीत, पण जुन्यांवर ट्यूबलेसची टेप लावून ग्रिफो चढवले. पहिला टायर साध्या पंपाने बसेना, तासभर घाम गाळला, मग व्हॉल्व्हचा कोअर (आतला काढता येणारा भाग) काढून हवा मारली तर ठाक ठाक आवाज करत एका दमात बसला. पुढचा रात्रभर टिकला. मागचा सकाळी निम्मा, व्हॉल्व्हच्या बुडाशी सीलंटचे बुडबुडे. पक्कडीने नट आवळू का?

आरेवाला :
पक्कड ठेव खाली! बोटांनीच आवळ, नाहीतर व्हॉल्व्ह टेपमधून खेचला जाईल. व्हॉल्व्हचं रबर खाली रिमच्या खाचेत नीट बसलंय का बघ, टेपचं भोक फाटलं असेल तर त्या जागी नवी टेप. मग चाक व्हॉल्व्ह खाली करून दहा मिनिटं उभं ठेव, सीलंट तिथे साचू दे.

मूळ धागाकर्ता :
टेपच फाटली होती. भोक कात्रीने पाडलं होतं मी. आता नवी टेप लावलीये आणि गरम केलेल्या सुईने पाडलंय, काल संध्याकाळपासून अर्धा पीएसआयसुद्धा कमी झालेला नाही.