मास्टर विठ्ठल आणि आपला फॅमिली ग्रुप

दादा: आज १४ मार्च. १९३१ ला याच दिवशी मुंबईत मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. हीरो मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी!

ताई: त्यांना उर्दू जमत नव्हतं ना? म्हणून सिनेमाभर गुंगीतच दाखवलं म्हणे.

आबा: अगं, लोकांच्या लक्षात नेमकं तेवढंच राहिलंय, याचं फार वाईट वाटतं. उच्चार जमेनात म्हणून संवाद छाटले, हे खरं. पण त्याआधीचं बघ की. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हा माणूस घडला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो नर्तकीच्या वेशात! मग मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेला, १९२६ च्या ‘रतन मंजरी’त नायक झाला. नंतर स्टंटपटांची रांगच लागली. हातात तलवार, पायात चपळाई. ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणायचे त्याला. मूकपटात सगळं अंगानंच बोलावं लागतं, पडद्यावर संवादाच्या पाट्या येणार त्या दोन ओळींच्या. ते त्याला येत होतं.

मामा: आबा, कोर्टाचं पण सांगा.

आबा: हो, ते राहिलंच. दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’साठी घेतलं, तर शारदानं करार मोडला म्हणून दावा ठोकला. विठ्ठलचं वकीलपत्र कुणी घेतलं असेल? बॅरिस्टर जिनांनी. आणि जिंकले! नट हातचा जाऊ नये म्हणून कंपनी कोर्टात जाते, यावरूनच समजा काय भाव होता त्याचा.

आत्या: बोलपट आल्यावर मग बसलेच का घरी?

आबा: छे गं! मराठीत जिभेची अडचण नव्हतीच. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये आहेत ना, १९३९ चा. पुढेही कितीतरी वर्षं काम केलं, भूमिका लहान होत गेल्या तरी. १९६९ ला गेले.

चिनू: आजोबा, आलम आरा यूट्यूबवर आहे का? मला त्यांची फायटिंग बघायचीये.

आबा: नाही रे बाळा. त्याची एकही प्रिंट उरलेली नाही, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्येसुद्धा नाही. फोटो आहेत, नायिका झुबेदाबरोबरचे. मूकपटांचीही तीच गत. ज्या कामानं हा माणूस मोठा झाला तेच आज बघायला मिळत नाही, आणि जे जमलं नाही ते मात्र सगळ्यांना पाठ.

ताई: आबा, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून द्या ना. चिनूच्या शाळेच्या ग्रुपवर टाकते.

आबा: लिहितो. जेवण झालं की बसतो.