ॲपल पायला ग्रॅनी स्मिथच हवं? मला हे मुळीच पटलेलं नाही

गिरगावची_भट्टी
काल इथे पवई_बेकर यांनी लिहिलं, "मुंबईत ग्रॅनी स्मिथ, म्हणजे ते परदेशी हिरवं आंबट सफरचंद, मिळालं नाही तर ॲपल पायच्या (पोळीत सफरचंदाचं सारण भरून भाजतात त्याच्या) भानगडीत पडू नका. देशी सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ आहे, ओव्हनमध्ये त्याचा लगदा होतो." खाली धडाधड अंगठे पडले. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लगदा होतो, खरंय. पण कशाचा? रॉयलचा, म्हणजे गाडीवरच्या नेहमीच्या लाल सफरचंदाचा, आणि तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेल्या. उतरवलेलं फळ श्वास घेतच असतं आणि त्यात त्याची आंबटाई खर्च होत जाते. शीतगृहात ऑक्सिजन अगदी कमी करून हे मंदावतात, थांबवता येत नाही. मग ते गाडीवर चार दिवस उन्हात बसतं आणि पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सुटतं. चावलं की पेशी फुटून रस येत नाही, त्या नुसत्या एकमेकींपासून मोकळ्या होतात. तोंडात भुसा. असलं फळ पायमध्ये घालायचं आणि वर देशी फळाला नावं ठेवायची?

गोल्डन, म्हणजे पिवळं सफरचंद घ्या. हिमाचलच्या बागांत परागीकरणासाठी रॉयलच्या मधेमधे गोल्डन लावतात, कारण रॉयलला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात ते इथेही येतं. आमच्या नाक्यावरचा फळवाला ते मागच्या टोपलीत ठेवतो, म्हणतो, "ताई, पिवळं कोणी घेत नाही." गेल्या गणपतीनंतर मी दोन किलो आणलं, रॉयलपेक्षा किलोमागे चाळीस रुपये स्वस्त. बोटाएवढ्या जाड फोडी, लिंबू, दालचिनी, १८० अंशांवर पन्नास मिनिटं. पाय कापला तेव्हा फोड न् फोड वेगळी दिसत होती, कडेला काचेसारखी झालेली, आणि सुरी टेकवताच अलगद चिरली जाणारी.

आणि आंबट तेच बेकिंगचं, हा नियम कुठला? ब्रॅम्ली घ्या. १८०९ साली इंग्लंडात साउथवेलला बी पेरून उगवलेलं झाड. जबरदस्त आंबट फळ, आणि शिजलं की त्याचा पार फेस होतो. इंग्रजांना तसंच आवडतं. उलट फ्रान्समध्ये टार्टला, म्हणजे वरून उघड्या पायला, गोड गोल्डन सर्रास वापरतात.

पवई_बेकर
अंगठे मी मागायला गेलो नव्हतो. तुम्ही घरच्यांसाठी सप्टेंबरात करता, मला ऑर्डरी येतात डिसेंबरात. एका नाताळला ग्रॅनी स्मिथ महाग म्हणून रॉयल वापरलं. सहा पाय. तळाची पोळी भिजून चिखल झाली, कापायला गेलं की सारण ताटात सांडायचं. सहाही परत आले. पैसे दिले, वर माफी मागितली. त्या दिवसापासून ग्रॅनी स्मिथ. बारा महिने मिळतं, एकसारखं शिजतं.

आणि देशी कशाला म्हणताय? गोल्डन वेस्ट व्हर्जिनियाचं. रॉयल ज्या डिलिशियसच्या घराण्यातलं, ते आयोवाचं. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ मध्ये हिमाचलमधल्या कोटगडला लावलं म्हणून इथे आलं. ग्रॅनी स्मिथ सिडनीजवळचं. सगळीच पाहुणी, मग माझ्याच पाहुण्यावर राग का?

मुलुंड_पूर्व
तुमचे पाय राहू द्या, त्या फळावर मेण किती असतं ते कुणी बोलत नाही. वडील हॉस्पिटलात होते तेव्हा कुणीतरी चकचकीत लाल सफरचंदं आणली. चाकूच्या पात्याने साल खरवडली तर पातं पांढरं झालं. बाबांना मी ती दिली नाहीत. आज दहा वर्षं झाली, घरात साल काढल्याशिवाय सफरचंद कुणी खात नाही.

वाशीचा_गाळा
खरवडल्यावर पांढरं निघतंच, कारण सफरचंदाला स्वतःचं मेण असतं. झाडावरचं फळ धोतराला पुसलं तरी चकाकतं. पॅकिंगला धुताना ते बरंचसं जातं, म्हणून वरून देतात. नियमात परवानगी आहे ती मधमाशीच्या मेणाला, कार्नोबा म्हणजे एका ताडाच्या पानांवरच्या मेणाला, आणि लाखेला. पात्यावर आलं ते कुठलं, हे बघून सांगता येत नाही. सालीबरोबर तंतू फेकताय ते वेगळंच.

दादर_आजी
अरे थांब बाळा. लाख? लाख किड्याची ना? मी पंच्याहत्तर वर्षांची. इतकी वर्षं संकष्टीला सफरचंद खाऊन उपास सोडेपर्यंत काढलाय. मला कुणी सांगितलं का त्यावर किड्याचं काही लावलंय?

वाशीचा_गाळा
आजी, प्रत्येक फळाला लावत नाहीत. लावलं तर पेटीवर लिहायचा नियम आहे.

दादर_आजी
पेटीवर! मी पेटी घेते का? मी तीन फळं घेते, ती कागदाच्या पिशवीत येतात. तो नियम माझ्यापर्यंत पोचलाच नाही. आमच्या लहानपणी उपासाला पेरू, बोरं, केळी. ती झाडावरून हातात यायची.

मुलुंड_पूर्व
बघा! माझं हेच म्हणणं आहे. व्यापाऱ्याला सगळं माहीत, गिऱ्हाईकाला काही नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो का?

वाशीचा_गाळा
नका ठेवू. मी पहाटे तीनला उठून पेट्या उतरवतो, माझ्या हाताला लागतं ते सांगितलं. तुम्ही एका चाकूवरून दहा वर्षं अख्ख्या बाजाराला चोर म्हणताय. माझी मुलगी तीच फळं सालीसकट खाते. आजींचं मात्र मान्य. सुट्या फळाला पाटी हवी. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मी हे काढीन.

मुलुंड_पूर्व
चोर म्हटलं नाही. वडिलांचा विषय आहे, तिथे माझं डोकं फिरतं. पण साल काढणारच.

बोरिवली_बाबा
मेणावरून उतरा आता. मला मुलीच्या डब्यासाठी नुसतं खायचं सफरचंद हवंय. दिसायला लालभडक, आत पीठ. दर आठवड्याला फसतो.

वाशीचा_गाळा
रंगावर जाऊ नका. लालभडक दिसावं म्हणूनच डिलिशियसच्या जाती निवडत गेले, त्यात चव मागे पडली. हातात घ्या, आकाराच्या मानाने जड हवं. अंगठ्याने देठाजवळ दाबा, दबलं तर ठेवून द्या. ऑक्टोबरपासून किन्नौर, म्हणजे हिमाचलच्या किन्नौर भागातलं, मागा. उंचावरचं फळ, उशिरा तयार होतं, करकरीत असतं. घरी आणलं की फ्रिजमध्ये, केळ्यांपासून लांब. काश्मीरचं अंबरी कुठे दिसलं तर दोन जास्त घ्या, वासानेच घर भरतं. डिलिशियसपुढे त्याच्या बागा कमी झाल्या, आता क्वचित येतं.

गिरगावची_भट्टी
धागा मेणात बुडाला होता, वर आला हे बरं झालं. पवई_बेकर, "देशी" शब्द माझा चुकला, मागे घेते. हिमाचली म्हणते. सहा पाय परत आल्याचं वाचून वाईट वाटलं, ऑर्डर परत येणं काय असतं ते मलाही माहीत आहे. पण तो दोष रॉयलचा होता. त्यावरून तुम्ही लोकांना "करूच नका" सांगितलंत, आणि नवीन शिकणारी एखादी मुलगी दोन-अडीचशे रुपये किलोचं फळ परवडत नाही म्हणून ओव्हन लावायचीच नाही. माझा राग त्या वाक्यावर आहे.

डिसेंबरसाठी उपाय सांगते. सप्टेंबरात गोल्डनच्या फोडींना लिंबू-साखर लावून डीप फ्रीझरला ठेवा. काढल्यावर पाणी सुटेल, ते फेकू नका. वेगळं आटवून पाकासारखं करा आणि गार झाल्यावर फोडींवर ओता. तळ भिजत नाही.

पवई_बेकर
"करूच नका" हे जास्त झालं, मान्य. ऑर्डरींना ग्रॅनी स्मिथ सोडणार नाही, तेवढा धोका मला परवडत नाही. फ्रीझरचं मात्र करून बघतो, दोन किलोवर. साखर किती लावता?

गिरगावची_भट्टी
किलोला शंभर ग्रॅम. गोल्डन मुळात गोड असतं, ग्रॅनी स्मिथच्या मापाने घालू नका. आणि फळवाल्याला मागची टोपली दाखवायला सांगा.