अगबाचा इशारा पौलाने मानला की मोडला?

पहारेकरी:
काल बायबल अभ्यासात प्रेषितांची कृत्ये 21 वाचताना वाद झाला, म्हणून इथे मांडतोय. प्रेषित पौल यरुशलेमेला निघालाय; वाटेत कैसरीयात फिलिप्पाच्या घरी अगब संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेतो, त्याने स्वतःचेच हातपाय बांधतो आणि सांगतो की ज्याचा हा कमरबंद, त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. सगळे रडतात, जाऊ नको म्हणतात. पौल जातोच. त्याआधी सोर इथल्या शिष्यांनीही 'आत्म्याच्या द्वारे' त्याला अडवलं होतं (21:4). माझं मत: देवाने इशारा दिला की पाऊल मागे घ्यायचं. पौल थोर, पण इथे चुकला. आणि आपण 'पौलही गेला होता' म्हणत आपला हट्ट पवित्र करून घेतो.

अंजिराची सावली:
एक पान मागे जा ना. 20:23 मध्ये पौल स्वतःच म्हणतो की नगरोनगरी पवित्र आत्मा त्याला बंधनं आणि संकटं पुढे आहेत हे सांगतोय. अगबाने नवीन काय सांगितलं? त्याचे शब्द पाहा, 'बांधतील आणि परराष्ट्रीयांच्या हाती देतील' एवढंच. 'जाऊ नको' हे रडणाऱ्यांनी जोडलं. देव काय होणार ते सांगतो, भीती आपण घालतो.

याच अगबाने आधी मोठ्या दुष्काळाचा इशारा दिला होता (11:28). तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि बर्णबा व शौलाच्या (म्हणजे पौलाच्याच) हाती यहूदीयातल्या भावंडांना पाठवली. स्वतःची कोठारं भरल्याचा उल्लेख नाही.

पहारेकरी:
सोरच्या शिष्यांना सोयीस्कर बगल दिलीत. 'आत्म्याच्या द्वारे' हे कृत्यांचा लेखक लूक लिहितो, मी नाही.

अंजिराची सावली:
बगल नाही, अडतंच तिथे. धोका आत्म्याने दाखवला, निष्कर्ष त्यांनी काढला असं मी वाचतो. वचनात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, मान्य.

जुनी वही:
दोघेही पौलापाशी अडकलात. आपल्या वाट्याला येणारे बहुतेक इशारे प्रवासाचे नसतात, पापाचे असतात. यिर्मया 36 काढा. हिवाळा, राजा यहोयाकीमासमोर पेटलेली शेगडी, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या इशाऱ्यांची गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूने कापायचे आणि आगीत टाकायचे, अख्खी गुंडाळी संपेपर्यंत. याच्याच बापाने, योशीयाने, नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकून अंगावरचे कपडे फाडले होते आणि हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं धाडली होती.

मला एकदा उपासनेनंतर एका वयस्कर भगिनीने हळूच विचारलं, "भावाशी बोलतोस का रे?" ना दर्शन, ना भविष्यवाणी. काळजात चर्र झालं. तरी फोन करायला मला दोन वर्षं लागली. शेगडी माझ्याकडेही होती.

नवा कोरा:
मग खोट्या इशाऱ्यांचं काय? अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या काही अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्त येणार म्हणून शेतातलं पीक कापलंच नाही. तेही मनापासूनच वागले ना?

अंजिराची सावली:
मनापासून, पण पारख न करता. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही हे मार्क 13:32 मध्ये आहे. पौलही संदेशांचा धिक्कार करू नका म्हणतो आणि लगेच सगळ्याची पारख करा म्हणतो (1 थेस्सलनीकाकरांस 5:20-21). आपल्याकडे यातली एकच ओळ पाठ असते, ज्याला जी सोयीची.

पहारेकरी:
सोरचा मुद्दा मी सोडत नाही. अकराव्या अध्यायातली वर्गणी मात्र माझ्या नजरेतून निसटली होती. काल शिकवताना दुष्काळाची ओळ वाचली आणि तसाच पुढे गेलो.