जुन्या डेस्कटॉपची घरघर थांबवायची आहे, आधी कशाला हात घालू?

परळची दहा बाय बाराची खोली. आई रात्री दहाला आडवी होते आणि तिच्या उशापासून चार हातांवर माझा डेस्कटॉप. परवा म्हणाली, "इथल्या सगळ्या गिरण्या बंद पडल्या, तुझी तेवढी चालू आहे." हसलो खरा, पण आता मलाही तो आवाज सहन होत नाही.

मशीन २०१५ मध्ये असेंबल करून घेतलेलं: कोअर आय५ ४४६०, एच८१ बोर्ड, चार जीबीची एकच डीडीआर३ रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही. काम म्हणजे हिशेब, टॅली आणि ब्राउझर. सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन होतो.

रविवारी बाजूचं झाकण काढलं. सीपीयूच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीचा थर गादीच्या कापसासारखा बसला होता, अख्खा एका तुकड्यात निघाला. सीपीयू आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा खडू झालेला. नवी लावली (कूलरच्या त्या चार पिनांनी घाम काढला, एक तिरकी बसली म्हणून सगळं परत उघडलं). बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तापमान ७१ वरून ५४ वर आलं आणि पंख्याचं मध्येच किंचाळणं बंद झालं.

उरले दोन आवाज. मागचा पंखा बोर्डाला नाही, थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स प्लगला जोडलाय, म्हणजे सदा बारा व्होल्टवर पूर्ण वेगात. तो काढून मशीन लावलं तर निम्मा आवाज गेला. दुसरी हार्ड डिस्कची घूं घूं. डिस्कच्या पिंजऱ्यावर तळहात दाबला की ती दबते, म्हणजे पत्राच थरथरतोय.

माझा विचार असा की साटा एसएसडी टाकावी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, आत काही न फिरणारी डिस्क. बोर्डावर एम.२ (त्याहून वेगवान एसएसडीची खाच) नाही, पण साटाचे सेकंदाला साडेपाचशे एमबीही या डिस्कच्या तिप्पट-चौपट झाले. मग जुनी डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये ठेवायची, लागेल तेव्हाच लावायची. साडेतीन इंची डिस्कच्या केसला वेगळा अडॅप्टर लागतो, तेवढी अडचण. की रबरी वॉशर घालून ती आतच ठेवू? वॉशरने खरंच फरक पडला असेल तर सांगा, ऐकीव नको.

मागे चार पिनांचा १२० मिमी पंखा घेतला तर बोर्डाच्या तीन पिनांच्या हेडरवर (पंखा जोडायच्या जागेवर) वेग कमी होईल का? माझ्या बायोसमध्ये फक्त सीपीयू पंख्याचाच पर्याय दिसतो.

रॅमच्या दोन जागांपैकी एक रिकामी आहे. चारच्या जोडीला आठ जीबी चालेल ना?

आणि विंडोज. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, माझी चौथी. लिनक्स टाकला असता, पण टॅली अडते. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. त्याला विचारण्यात अर्थ नाही, त्याला नवीन विकायचंय.

बजेट सात हजार. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.